बेघर निवारा: तुम्ही पाहिलेला, राहिलेला, चालवलेला (नाशिक)

परवा पहाटे गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर गेलो, तर गाडगे महाराज पुलाखाली गेल्या थंडीतलीच चादर आणि आत तोच माणूस. पथक येतं, गाडीत घालून निवाऱ्यात नेतं, आठ-पंधरा दिवसांत स्वारी परत घाटावर. म्हणून हा धागा. सरकारी पैशावरच्या निवाऱ्याशी कसाही संबंध आला असेल, तर लिहा. आधी एक आकडा: २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता, लाख वस्तीमागे किमान शंभर जणांची बारमाही, चोवीस तास सोय. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर १४ लाख ८६ हजारांचं होतं. गुणाकार तुम्हीच करा.

पूर्वी काळजीवाहक होते
दोन वर्षं निवाऱ्यात काम केलं. एक आजोबा आले, खाटेवर झोपेचनात. दाराजवळ फरशीवर, चपला डोक्याखाली. चोरीला जातील म्हणून. अकराव्या रात्री खाटेवर आले, चपला उशीखाली गेल्या. सिव्हिलच्या गोळ्या द्यायला लागलो तर थुंकायचे. मग लक्षात आलं, संध्याकाळच्या चहाबरोबर मी दिली की घेतात. दुसऱ्या कुणी दिली की नाही.
पुढे वरून चार महिने पैसे आले नाहीत. इमारतीला रंग लागला, फलक नवा आला, आमचा पगार तेवढा राहिला. मला दोन पोरं आहेत. अंबडला कॅन्टीनमध्ये लागले. आजोबा पंधरा दिवसांत निघून गेले म्हणे.

रामकुंडाजवळ टपरी
इथं दशक्रियेचं जेवण असतं, अन्नदान असतं, थंडीत लोक ब्लँकेट टाकून जातात. निवाऱ्यात फक्त पाठ टेकायची, मग कोण जाणार? पूर आला, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की सगळे आपणहून जातात. ओसरलं की परत.

हमाल, मार्केट यार्ड
पेठकडून आलो. पाच महिने निवाऱ्यात होतो. आधारकार्डाला पत्ता तिथलाच लागला, त्यावर बँकेचं खातं निघालं. आता तिघांत एक खोली आहे. डिपॉझिटचे दहा हजार कुठल्या योजनेतून आले असतील? निवाऱ्यातल्या ताईंच्या भिशीतून. आठ हप्त्यांत फेडले.

एक सोसायटीवाला
खरं सांगतो, आमच्या शेजारी निवारा नको म्हणून काढलेल्या अर्जावर माझी सही आहे. नंतर तो दुसरीकडे झाला. तिथून आजवर काही तक्रार ऐकली नाही. एवढंच.

मानसिक आरोग्यात काम करते
२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणावर कुणाला रुग्णालयात ठेवायचं नाही. आधार देणारी घरं सरकारनं उभी करायची. प्रत्यक्षात पोलीस आणून सोडतात, उपचार होतात, डिस्चार्जच्या कागदावर पत्त्याची ओळ कोरी. फिनलंडचं नाव काढलं की बैठकीत हसतात, पण त्यांनी २००८ पासून निवारे मोडून त्यांचे फ्लॅट केले. भाडेकरार राहणाऱ्याच्या नावावर, मदतनीस त्याच इमारतीत. आपल्याकडे खाटा मोजतात. त्या ताईंचा पगार 'वरखर्च' धरला जातो, आणि काटछाट तिथूनच सुरू होते. ती चहाबरोबरची गोळी हाच खरा खर्च आहे हो.

पूर्वी काळजीवाहक होते
धागा काढणाऱ्या दादांना विचारायचं होतं, पुलाखालचा माणूस चपला डोक्याखाली घेतो का?

धागाकर्ता
आज मुद्दाम बघून आलो. निळी स्लीपर, एका पट्ट्याला तार बांधलेली. डोक्याखालीच.

पूर्वी काळजीवाहक होते
ती तार मीच बांधली होती. रविवारी सुट्टी असते, सकाळी येते. चहा घेऊन येईन.