वारीला चाललेय, पहिल्यांदाच (आमच्या सोसायटी ग्रुपवरून)

मानसी, बी-४०२: नमस्कार मंडळी, मेसेज जरा लांबलचक आहे, आधीच सॉरी. दरवर्षी आपण पालखीच्या दिवशी हडपसरला चहा-केळी वाटतो आणि घरी येऊन झोपतो, यंदा मी ठरवलंय वाटायचं नाही, चालायचं. आळंदी ते पंढरपूर, पूर्ण. ऑफिसात रजेचा अर्ज टाकला आणि साहेब चक्क हो म्हणाले त्यामुळे आता माघार नाही. वय ४६, आणि रोजचं चालणं म्हणजे पार्किंग ते लिफ्ट. आपल्यात कोणी पायी केलीये का? कुठून सुरुवात करू, काय घेऊ, काय नको, सगळं सांगा

पाटील, डी-३०१: पंढरपूरला एसी बस जाते हो मॅडम

मानसी: तुम्ही बसने या, वाखरीला भेटू

सेक्रेटरी: उद्या १० ते १ टाकी सफाई, पाणी येणार नाही. भरून ठेवा.

जगताप काका, ए-१०१: राम कृष्ण हरी. मानसी, ऐकून फार बरं वाटलं. आता नीट ऐक. पहिली गोष्ट म्हणजे एकटी निघू नकोस, एखाद्या दिंडीत नाव घाल. दिंडीची भिशी, म्हणजे खर्चाची वर्गणी, भरायची की जेवण, तंबू, पाण्याचा टँकर, सामानाला ट्रक सगळं आलं, आपण फक्त चालायचं. रथापुढे २७ दिंड्या असतात आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त, आमची मागे असते, विणेकऱ्यांना (दिंडीत वीणा घेऊन चालतात ते) विचारून सांगतो जागा आहे का. ऐनवेळी गेलं तर नाही म्हणतात कारण ताटं आणि तंबू मोजून असतात

जगताप काका: आणि यंदा (२०२६) ज्येष्ठ महिना अधिक आलाय. गेल्या वर्षी आषाढी ६ जुलैला होती, यंदा थेट २५ जुलैला, म्हणजे तयारीला जास्तीचे जवळजवळ तीन आठवडे मिळाले असं समज. नक्की वेळापत्रक देवस्थानचं येईल तेव्हा टाकतो इथे

रोहन, बी-६०३: काकू मस्त!! हे बघा साधं आहे, अंतर अंदाजे २५० किमी. आत्तापासून आठवड्यातले चार दिवस ५-५ किमी चाला आणि रविवारी लांब चाल, ८ पासून सुरू करा आणि दर रविवारी दोनेक किमी वाढवा, दर चौथ्या आठवड्यात कमी करा म्हणजे पाय भरून येणार नाहीत. शेवटच्या महिन्यात शनिवार-रविवार सलग, शनिवारी २० आणि रविवारी १५, कारण एक दिवस २० कोणीपण चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून परत चालणं हीच खरी परीक्षा. प्रस्थानाच्या आधीचा आठवडा आराम. बूट चांगले ट्रेकिंगचे घ्या अँकलवाले

सुनंदा काकू, सी-२०४: ट्रेकिंगचे बूट कशाला रे, डांबरी रस्ता आहे सगळा. आमच्या सासूबाई चपलेवर गेल्या आयुष्यभर

रोहन: काकू त्यांना लहानपणापासून सवय, मानसी काकूंचे पाय ऑफिसच्या एसीतले आहेत

मानसी: 😂 खरंय पण

जगताप काका: रोहनचं वेळापत्रक बरोबर आहे, फक्त एक सांगतो, वारीत ताशी पाच किलोमीटरने कोणी चालू देत नाही. पुढे दिंडी, मागे दिंडी, मध्येच चोपदार (सोहळ्याची शिस्त राखणारे) थांबवतात, अभंग चालू असतो, पाऊल टाकायचं आणि उभं राहायचं, असं उन्हात डांबरावर तासन्‌तास. मुंबईचे पळणारे लोक येतात ना मॅरेथॉनवाले, ते तिसऱ्या दिवशी म्हणतात चालून काही झालं नाही हो, उभं राहून कंबर गेली. म्हणून सराव करताना मुद्दाम हळू चाल, मध्येमध्ये दहा-पंधरा मिनिटं नुसती उभी राहा. आणि पहाटे थंडगार हवेत फिरून यायचं हा सराव नाही, कधीतरी ११ ते १ चाल, टोपी आणि पाणी घेऊन

वैशाली, बी-२०१: रोजचं अंतर किती असतं काका? मलाही जरा इच्छा होतेय पण पूर्ण नाही जमणार

जगताप काका: सारखं नसतं. आळंदी-पुणे वीस-बावीस, पुण्यात दोन रात्री मुक्काम. मग पुणे-सासवड, तो सगळ्यात मोठा टप्पा, तीसच्या वर जातो, त्यात दिवेघाट, आणि त्या दिवशी बहुतेक योगिनी एकादशी असते म्हणजे पोटात साबुदाणा नाहीतर भगर. सासवडला पण दोन रात्री. पुढे जेजुरी १६-१७, वाल्हे १२, मग नीरेला माउलींच्या पादुकांचं स्नान आणि लोणंद. तरडगाव अगदी जवळ, सात-आठच. मग फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, हे सगळे १८ ते २१ च्या घरात. वाखरी १० आणि शेवटचं पंढरपूर पाच-सहा, पण त्या पाच-सहाला जो वेळ लागतो तो विचारू नकोस

जगताप काका: म्हणजे कसं झालंय बघ, सगळ्यात अवघड दिवस सुरुवातीलाच येतो. लोक शेवटाला घाबरतात, खरं तर सासवड गाठलं की निम्मी माणसं तरून जातात. म्हणून आळंदीला जाताना शरीर तयार हवं, "चालता चालता सवय होईल" हे इथे चालत नाही

डॉ. नेहा, ए-५०२: काकांना अनुमोदन. मी पायांचं बोलते. फोड येतात घर्षण, घाम आणि उष्णतेने, तिन्ही एकत्र आलं की झालंच. बूट अर्धा ते एक नंबर मोठा घ्या कारण दिवसभर चालून पाय सुजतो, आणि खरेदी संध्याकाळी करा. अँकलवाले जड बूट नकोत, जाळीचे हलके स्पोर्ट्स शूज, पाऊस लागला तरी लवकर वाळतात. नवे बूट घालून आळंदीला जायचं नाही, निदान शंभरेक किमी त्यातच चालून घ्या. सुती मोजे ओले झाले की ओलेच राहतात, सिंथेटिक घ्या, तीन-चार जोड, आणि दुपारच्या विसाव्याला बूट-मोजे काढून पाय कोरडे करायचेच करायचे

डॉ. नेहा: सकाळी निघताना टाचेला, बोटांच्या मध्ये व्हॅसलिन. कुठे चुरचुरायला लागलं की थांबून लगेच मायक्रोपोरची चिकटपट्टी लावा, "पुढच्या विसाव्याला बघू" म्हणालात की फोड आलाच. आलेला फोड सुईने फोडत बसू नका, खूप मोठा असेल तर वाटेवर डॉक्टरांचे तंबू असतात तिथे दाखवा. नखं चार दिवस आधी सरळ रेषेत कापा. आणि मांड्या घासतात त्याचं कोणी बोलत नाही, सलवारच्या आत लांब सायकलिंग शॉर्ट्स घाला, मला नंतर दुवा द्याल

सुनंदा काकू: बूट घाल बाई पण एक जोड सँडल ठेव पिशवीत, बूट पूर्ण भिजला तर दुसऱ्या दिवशी काय करशील. आणि मुक्कामाला चपलाच बऱ्या, चिखल असतो

पाटील: डॉक्टर, शुगर असेल तर चालता येतं का एवढं? एका मित्रासाठी विचारतोय

डॉ. नेहा: येतं, पण "मित्राने" आधी त्यांच्या डॉक्टरला दाखवून यावं. चालल्यामुळे शुगर उतरते, वर एकादशीचा उपास, आणि गोळ्या किंवा इन्सुलिन रोजच्याइतकंच, हे तिन्ही जमलं तर चक्कर ठरलेली. डोस स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नये, विचारून लिहून घ्यावा. खिशात साखर किंवा ग्लुकोज. रोज रात्री तळपाय बॅटरी लावून बघायचे कारण शुगरवाल्यांना फोड आलेला कळतही नाही कधीकधी. इन्सुलिन ट्रकमधल्या बॅगेत नाही ठेवायचं, तिथे उन्हात शिजेल

पाटील: बरं सांगतो मित्राला

सेक्रेटरी: ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे ही विनंती.

वैशाली: दादा पालखी आपल्याच रस्त्याने जाते, सोसायटीचंच काम आहे हे 🙏

मानसी: सामानाचं सांगा ना कोणीतरी. मी यादी काढली तर दोन सुटकेस झाल्या

सुनंदा काकू: सुटकेस नको गं बाई, ट्रकवर फेकतात ती. कापडी नाहीतर रेक्झिनची पिशवी, वर मार्करने मोठं नाव आणि दिंडी नंबर. आत सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये वेगळं वेगळं बांधून, पाऊस आला की ट्रकची ताडपत्री गळतेच. अंथरायला चटई आणि त्याखाली प्लास्टिकचा कागद, पांघरायला एकच शाल, ताट-वाटी-तांब्या, दोरी आणि चिमटे. कपडे तीन जोड, बस. पातळ सुती, जीन्स अजिबात नाही. पावसाला रेनकोटात घामाने आतून भिजतेस, आमच्या बायका मोठा प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेतात, दहा-वीस रुपयाचं काम, छान जमतं. चालताना खांद्याला फक्त लहान पिशवी, पाणी, सुकामेवा, गोळ्या, टॉवेल

सुनंदा काकू: पहाटे तीनला उठायचं म्हणजे उठायचंच. अंघोळ टँकरपाशी आडोसा करून असते, उशीर केला की पुरुषमाणसांची गर्दी आणि चिखल. संडासाचं आता पूर्वीपेक्षा बरं आहे, फिरती शौचालयं ठेवतात मुक्कामाला, पण तिथेपण पहाटेच गेलेलं बरं. बाकीचं बायकांचं पर्सनलवर सांगते

रोहन: पॉवर बँक मोठी घ्या. आणि गर्दीत नेटवर्क जातं, पूर्ण जातं, फोन लागतच नाही, त्यामुळे कागदावर दिंडी नंबर, ट्रकचा नंबर, दिंडीप्रमुखांचा मोबाइल लिहून खिशात ठेवा. प्लास्टिकमध्ये

मानसी: अरे हे डोक्यातच नव्हतं आलं

प्रमोद, सी-५०१: मला एक कळत नाही, जमलंच नाही तर? म्हणजे ट्रकमध्ये बसलं तर वारी मोडते का? माझ्या आत्याचं म्हणणं मोडते

सुनंदा काकू: आम्ही तर कधी नाही बसलो

जगताप काका: तुम्ही नाही बसलात हे चांगलंच आहे वहिनी, पण दिंडीत दरवर्षी पंधरा-वीस माणसं एखादा टप्पा गाडीने जातात आणि दुसऱ्या दिवशी टाळ घेऊन परत उभी असतात. गुडघा सुजलेला असताना हट्टाने चालून नातेपुत्याहून घरी परतलेली माणसं पण बघितलीत मी. हैबतबाबांनी हा सोहळा एकोणिसाव्या शतकात शिस्तीत बसवला तो सगळ्यांना मिळून चालता यावं म्हणून, एकेकट्याच्या पराक्रमासाठी नाही. मानसीने एखादा टप्पा सोडला तर मी तरी काही म्हणणार नाही

सुनंदा काकू: मी पण कुठे काय म्हणतेय, मी आपलं सांगितलं. तरी दिवेघाट सोडू नकोस गं, तो चालच. रथाला जादा बैलजोड्या लावतात आणि वरून खाली बघितलं की सगळा घाट माणसांनी भरलेला

वैशाली: मला घाटाचीच भीती वाटते, तुकोबांच्या पालखीला घाट नाही ना?

जगताप काका: दिवेघाट नाही. हडपसरला दोन्ही वाटा फुटतात, माउली उजवीकडे सासवड रस्त्याला आणि तुकोबा सरळ सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर, यवत, वरवंड, मग बारामती, इंदापूर, अकलूज असं. पण अंतर काही कमी नाही बरं, आणि ऊन भरपूर. तुला पूर्ण जमणार नसेल तर आळंदी-पुणे एक दिवस चाल, संध्याकाळी घरी झोपायला, काय वाटतं ते कळेल

डॉ. नेहा: उन्हाचं महत्त्वाचं. यंदा जुलै आहे म्हणजे सासवडपर्यंत पाऊस बऱ्यापैकी असेल पण फलटणच्या पुढे माळशिरस वगैरे कमी पावसाचा भाग, तिथे ढग असले तरी उकडतं. ओआरएसचं पाकीट एक लिटरमध्ये पूर्ण घालायचं, अर्ध्या बाटलीत अर्धं असं अंदाजाने नको. तहान लागायच्या आधी घोट घोट. वाटेत लोक प्रेमाने काय काय देतात, सरबत, भजी, केळी, सगळं घ्यायची गरज नाही, गरम आणि समोर शिजलेलं खा. पोट बिघडलं की वारी तिथेच थांबते, पाय कितीही तयार असू देत

प्रमोद: भजी नाकारायची म्हणजे फारच कठीण व्रत आहे

मानसी: काका, आणि ते हरिपाठ वगैरे मला काही पाठ नाही, टाळ पण धरता येत नाही. लोक हसतील का

जगताप काका: कोणी हसत नाही, शेजारची बाई म्हणते तसं म्हणायचं, आठवड्याभरात तोंडात बसतं. हरिपाठाची छोटी पुस्तिका मिळते आळंदीत, तीच ठेव पिशवीत. वयाचं कोणी विचारत नाही, पगाराचं नाही, सगळ्यांना माउलीच म्हणायचं. एकच, रांगेत शिरताना दोन दिंड्यांच्या मधून आडवं जायचं नाही, आणि आपल्या दिंडीच्या पताका कायम नजरेत ठेवायच्या

मानसी: आणि पंढरपुरात पोचल्यावर? दर्शनाला किती वेळ लागतो?

सुनंदा काकू: एकादशीच्या रांगेत बारा-पंधरा तास पण जातात. आम्ही चंद्रभागेत अंघोळ, नामदेव पायरी आणि कळसाला हात जोडून येतो. तू तशीच ये पहिल्या वर्षी, उगाच उभी राहून आजारी पडू नकोस. परतीचं एसटीचं बघून ठेव, जादा गाड्या सोडतात पण गर्दी मरणाची

रोहन: ओके मग या रविवारी सराव सुरू करायचा का? सकाळी गाडीने वडकीला जाऊ, तिथून दिवेघाट चढून वर आणि परत खाली. पुढच्या रविवारी इथूनच चालत. सासवड रस्त्याला कंटेनर भरधाव असतात त्यामुळे अंधारात नको, उजाडल्यावर निघू आणि उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसते

मानसी: मी आहे

वैशाली: मी पण, अर्ध्या घाटापर्यंत

डॉ. नेहा: मी येते. मानसी, तेच बूट घालून ये जे वारीला घालणार आहेस

मानसी: अजून घेतले नाहीत, शनिवारी संध्याकाळी जाते. सुनंदा काकू चला ना बरोबर

सुनंदा काकू: चल. पण महागातले घेऊ देणार नाही

पाटील: रविवारी किती वाजता? मित्र विचारतोय

जगताप काका: पावणेसहाला गेटवर. मित्राला म्हणावं नाश्ता करून या आणि रिपोर्ट डॉक्टर नेहाला दाखवा. मानसी, विणेकऱ्यांशी आत्ताच बोललो, बायकांच्या तंबूत तीन जागा आहेत, आधार कार्डाची झेरॉक्स आणि भिशीचे अर्धे पैसे या महिन्यात द्यायचेत. वैशाली, तुझं पण नाव सांगू का?

वैशाली: उद्या सांगते काका, घरी विचारून