सोडियम लहान, तरी बाहेरच का?

पेशीच्या पडद्यात पोटॅशियम चॅनेल असतात, म्हणजे पोटॅशियमला आरपार जाऊ देणाऱ्या प्रथिनांच्या वाटा. ‘सोडियमचा आयन (विद्युतभारित अणू) पोटॅशियमपेक्षा लहान, मग तोच त्यातून आधी पार व्हायला हवा’ ही शंका रास्त आहे. पण हे चॅनेल म्हणजे चाळणी नव्हेच. आमच्या खानापूरकडच्या जुन्या अरुंद आडात गडी दोन्ही अंगांच्या खोबणींत पाय रोवून उतरायचा. पोराचे पाय पलीकडे पोचायचेच नाहीत, पोर काठावरच. (उतरायचा हट्ट मीही केलाय, धपाटा खाल्लाय.) चॅनेलच्या चार प्रथिन-साखळ्यांचे ऑक्सिजन म्हणजे त्या खोबणी. भोवतीचं पाण्याच्या रेणूंचं वेष्टण सोडून आलेल्या पोटॅशियमला ते नेमके आधार देतात. सोडियमला नीट पोचत नाहीत, मग त्यानं पाणी सोडावं कशाला? आणि एवढी निवड करूनही वेग सेकंदाला १० कोटी आयनांपर्यंत! अमेरिकी शास्त्रज्ञ रॉडरिक मॅकिनन यांच्या गटानं १९९८ मध्ये ही रचना दाखवली, तीही मातीतल्या एका जिवाणूच्या चॅनेलवरून.