नॅससाठी हार्ड डिस्क: स्वस्त घ्यावी की वॉरंटी बघावी?

म्हापसेकर: ऑफिसच्या दोन-बे नॅसमध्ये (नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणारा, दोन डिस्कचा स्टोरेज बॉक्स) रेड १ साठी (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) ४ टीबीच्या दोन डिस्क हव्यात. नॅस कंपनीच्या स्वतःच्या डिस्क महाग आहेत. ऑनलाइन दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त मिळतायत, पण खाली ‘सेलर वॉरंटी’ लिहिलंय. घेऊ का?

फोंडा_नेटवर्क: नका घेऊ. दुकानदार गायब झाला की वॉरंटीही गेली. डिस्क हातात आली की स्टिकरवरचा सीरियल नंबर उत्पादकाच्या साइटवर टाका. परदेशातला किंवा ओईएम (कॉम्प्युटर कंपन्यांना घाऊक दिलेला) माल दाखवला तर मुदतीतच परत करा. आणि क्लेमसाठी डिस्क गोव्याबाहेर पाठवायची तर कुरियरचा खर्च कोणाचा, हे आधीच विचारा.

मडगाव_बॅकअप: मॉडेल नंबर पूर्ण बघा, सीएमआरच (डेटाच्या पट्ट्या सुट्या लिहिणारी) हवी. २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या (वेस्टर्न डिजिटल) ‘रेड’ नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) निघाल्या होत्या. रीबिल्डच्या वेळी (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरताना) सलग लिहिताना एसएमआर इतकी मंदावते की नॅस तिला बाद समजून बाहेर काढू शकतो. डिस्क नॅसच्या कंपॅटिबिलिटी यादीत नसेल, तर सपोर्टवाले हात वर करू शकतात.

म्हापसेकर: आल्यावर तपासायची कशी?

मडगाव_बॅकअप: स्मार्टची (डिस्कची स्वतःची आरोग्य-तपासणी) एक्स्टेंडेड टेस्ट रात्रभर लावा. त्यातल्या ५, १९७, १९८ या क्रमांकांच्या नोंदींची (खराब सेक्टरांची मोजणी) रॉ व्हॅल्यू शून्यच हवी. नव्या डिस्कवर पॉवर-ऑन तास शेकड्यांत दिसले तर ती वापरलेली आहे. डेटा भरण्याआधीच एन्क्रिप्शन चालू करा, कारण बंद पडलेली डिस्क क्लेमला जाते तेव्हा पुसता येत नाही. पावसात वीज सारखी जाते, तेव्हा यूपीएस यूएसबीने नॅसला जोडा. शिवाय रेड म्हणजे बॅकअप नव्हे, तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच.