अवे मॅचला (दुसऱ्या संघाच्या मैदानावरच्या सामन्याला) गेलात? तुमचा प्रवास सांगा

२४ एप्रिल २०२४, मडगावचं फातोर्डा स्टेडियम, इंडियन सुपर लीगच्या सेमीफायनलचा पहिला सामना. नव्वद मिनिटं होत आली आणि एफसी गोवा २, मुंबई सिटी ०. आम्ही मुंबईवाले जेमतेम तीसजण एका कोपऱ्यात, बाकी सगळीकडे गोव्याच्या केशरी जर्सी. ढोल वाजवणाऱ्या पोराच्या बोटांना फोड आले होते, तरी तो थांबत नव्हता. मग आमच्या छांगटेने एक मारला, लगेच विक्रम प्रतापने दुसरा, आणि ९६व्या मिनिटाला पुन्हा छांगटे. ३-२. शेजारच्या माणसाचं आडनावही मला माहीत नव्हतं. त्याच्या गळ्यात पडून मी रडलो.

आदल्या रात्री कोकणकन्येने निघालो होतो. पनवेलच्या आतच डबे उघडले, धपाटे काय, खिमा काय. रोह्यापुढे गाणी बंद, कारण डब्यात इतर लोकही झोपतात. हा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो. मॅच संपेपर्यंत परतीची कोकणकन्या कधीच निघून गेलेली असते, त्यामुळे रात्र मडगाव स्टेशनवर काढून सकाळची मांडवी धरली.

अंधेरीत, आमच्या घरच्या मैदानावर, मी गप्प बसलो तर कुणाला कळणारही नाही. फातोर्ड्याला तिसांतला एक गप्प झाला की लगेच जाणवतं. म्हणूनच मी जातो.

तुम्ही कसे गेलात, कुठे झोपलात, हरल्यावर परतीच्या गाडीत काय बोललात? क्लब कुठलाही चालेल, सविस्तर लिहा.

मडगावकर

दादा, त्या रात्री मी समोरच्या स्टँडमध्ये होतो. तुमचा ढोल शेवटपर्यंत ऐकू येत होता. बोरिस आणि ब्रँडनचे गोल झाल्यावर आम्ही फायनलच्या तिकिटांचं बोलायला लागलो होतो.

पाच दिवसांनी दुसऱ्या सामन्यासाठी बस करून अंधेरीला आलो. आझादनगर मेट्रोखाली तुमच्यातल्या एकाने विचारलं, "फातोर्ड्याला होता का?" हो म्हटल्यावर त्याने काही न बोलता चहा मागवला. त्या दिवशीही २-० हरलो. बसमध्ये बांदा येईपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. तिथे चहाला उतरलो, तेव्हा एकाने पुढच्या मोसमात कोण कोण येणार ते विचारलं. सगळ्यांनी हात वर केले.

पेठेतला

आमची गोष्ट क्लबची नाही. ऑक्टोबर २०१७, सतरा वर्षांखालील विश्वचषक. भारत फिफाच्या विश्वचषकात पहिल्यांदाच खेळणार आणि संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव! मिरजेहून गोवा एक्स्प्रेस, दोन रात्री. शाहू स्टेडियमवर आम्ही एकमेकांचे पक्के विरोधक. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार हे आमचे तालीम संघ, हंगामात रस्त्यात भेटलं तरी नीट बोलत नाही. त्या डब्यात मात्र एकाच कागदावर भडंग पसरून सगळे बसलो होतो.

अमेरिकेकडून ०-३ हरलो. तीन दिवस दिल्लीतच थांबलो, धर्मशाळेत. कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला जॅक्सनने कॉर्नरवर डोकं लावलं. भारताचा विश्वचषकातला पहिला गोल! आम्ही नाचत असतानाच कोलंबियाने दुसरा मारला, १-२. तरीही सांगतो भावा, तो एक मिनिट मी कशाशीही बदलणार नाही. अनिकेत मैदानाबाहेर येताना "कोल्हापूर, कोल्हापूर" ओरडून घसा बसला. त्याला ऐकू गेलं की नाही, देव जाणे.

टाइनकाठचा

मी न्यूकॅसलला शिकायला आलो आणि इथलाच झालो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या समर्थकांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा आहे, पण तिकीट हाती येणंच अवघड. बोर्नमथचं मैदान एवढंसं, पाहुण्यांना हजारेक जागा, आणि त्या आधी जास्त अवे मॅच केलेल्यांना मिळतात. मला दोन मोसम थांबावं लागलं. पहाटे बस, साडेपाचशे किलोमीटर. बसमध्ये दारूला कायद्यानेच बंदी, त्यामुळे थर्मासमधला चहा फिरत होता. शेजारचे आजोबा सत्तरीचे. त्यांनी खिडकीची जागा मला दिली, म्हणाले, तुझी पहिली खेप आहे.

ठाणेकरीण

कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, ४ मे २०२४, त्याच मोसमाची फायनल, मुंबई सिटी विरुद्ध मोहन बागान. मैदानात बासष्ट हजार लोक, बहुतेक सगळे मोहन बागानचे. आईला तयार करायला आठवडा लागला. ग्रुपमधल्या दोन तायांनी घरी येऊन तिला डब्याचा नंबर, लॉज, परतीची गाडी सगळं सांगितलं, तेव्हा ती हो म्हणाली. मुलींनी पहिल्यांदा जाताना हे जरूर करावं. आणि पाणी बेताने प्यावं, कारण पाहुण्यांच्या स्टँडमध्ये मुलींसाठी स्वच्छतागृह जवळ असेलच असं नाही.

हाफटाइमला ०-१. शेवटी मुंबई ३-१! तिसरा गोल व्होयतुशचा, ९७व्या मिनिटाला, तोवर स्टेडियम अर्धं रिकामं झालेलं. पोलिसांनी आम्हाला बराच वेळ आतच थांबवलं, मग जर्सीवर शर्ट चढवून बाहेर पडलो. परतीला गीतांजली. ढोल वरच्या बर्थवर ठेवला होता. नागपूरपासून कल्याणपर्यंत मी त्यालाच टेकून झोपले.