कडकच केस घ्या, पण आधी क्यू मोजा

पूल खेळायच्या क्यूला, म्हणजे टेबलावर चेंडू मारायच्या काठीला, कापडी कव्हर पुरेल की कडक केस घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. रोज जुळे सोलापूरहून सात रस्त्यापर्यंत बाइकवरून क्यू नेणार असाल तर कडकच घ्या. कापडी कव्हर ओरखडे वाचवतं, आपटणं नाही.

मात्र आधी टेप लावून मोजा. पूलचा क्यू साधारण ५८ इंचांचा, मधोमध जोड, म्हणजे २९ इंचांचे दोन तुकडे: मागचा जाड बट आणि पुढचा निमुळता शाफ्ट. आपल्याकडे बरेच जण स्नूकरचा थ्री-क्वार्टर क्यू (जोड मधोमध नसून मागच्या बाजूला असलेला) घेऊन पूल खेळतात. त्याचा शाफ्ट चाळीस इंचांच्या वर जातो, तो पूलच्या केसमध्ये मावतच नाही. केसवर १x२ लिहिलेलं असतं, म्हणजे एक बट, दोन शाफ्ट. ब्रेकसाठी, म्हणजे डावाच्या पहिल्या फटक्यासाठी, वेगळा क्यू घ्यायचा विचार असेल तर आत्ताच २x२ पाहा.

आतली नळी हात घालून तपासा. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र, मऊ अस्तराची जागा हवी. शाफ्ट आत टाकून केस हलवा. खडखड आवाज आला तर ती नको. बाहेरची चेन जाडसर हवी, आणि पट्टा खांद्यावर आडवा बसला पाहिजे.

एक मात्र कळकळीनं सांगतो, केस कितीही भारी असली तरी मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. माझा मेपलचा शाफ्ट तसाच गेला. संध्याकाळी टेबलावर लोटला तर टोक वर-खाली नाचत होतं, टोकावरची चामडी टिपही सुटली होती. पावसाळ्यात केस भिजली तर क्यू बाहेर काढून पुसा आणि केस उघडी ठेवून पूर्ण वाळवा. लाकूड ओल ओढून घेतं.