इलिनॉय 2018: गव्हर्नर राउनर यांना नाकारून तिसऱ्या उमेदवाराला मत द्यावे का?

डुपेजकर

अमेरिकेचे नागरिकत्व मिळाल्यापासून मी रिपब्लिकन पक्षालाच मत देत आलो आहे, आणि 2014 मध्ये ब्रूस राउनर गव्हर्नरपदासाठी उभे राहिले तेव्हा ओळखीच्या मराठी घरांमध्ये मी त्यांच्यासाठी शब्दही टाकला होता. येत्या 6 नोव्हेंबरला मात्र त्यांच्या नावापुढे खूण करायला माझा हात धजत नाही. एप्रिल 2017 मध्ये त्यांच्या कार्यालयाने ‘हाउस बिल 40’ वर ते नकाराधिकार वापरतील असे जाहीर केले. 28 सप्टेंबरला त्यांनी त्याच विधेयकावर सही केली, आणि मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) व राज्य कर्मचाऱ्यांच्या विम्याच्या वाटेने गर्भपाताचा खर्च करदात्यांवर आला. राउनर यांनी शब्द मोडला, असे शिकागोचे कार्डिनल ब्लेझ क्यूपिच यांनी उघडपणे म्हटले. गर्भपाताबद्दल इथे मतभेद असतील आणि ते असू द्यावेत. माझा आक्षेप दिलेला शब्द फिरवण्याला आहे.

मार्चच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, राउनर यांना आव्हान देणाऱ्या जीन आयव्हस यांचा पराभव अवघ्या तीन टक्क्यांनी झाला, पण प्रायमरीत हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून उभे राहण्याची मुभा या राज्याचा कायदा देत नाही. म्हणजे उरले दोघे: रिपब्लिकन पक्ष सोडून ‘कन्झर्व्हेटिव्ह पार्टी’ काढणारे राज्य सिनेटर सॅम मॅकॅन, आणि नौदलात सेवा केलेले, सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी असावा असे मानणाऱ्या लिबर्टेरियन पक्षाचे उमेदवार कॅश जॅक्सन. ज्यांना माझ्यासारखाच प्रश्न पडला आहे, त्यांनी कसा विचार केला, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

शामबर्गवासी

तुमचा राग मला समजतो, पण निष्कर्ष पटत नाही. समोर डेमोक्रॅटिक पक्षाचे जे. बी. प्रित्झकर आहेत, ज्यांनी स्वतःच्या खिशातून दहा कोटींहून अधिक डॉलर प्रचारात ओतले आहेत आणि जे उत्पन्नानुसार चढत जाणारा प्राप्तिकर आणू, असे उघड सांगत आहेत. 2010 आठवा. गव्हर्नरपदासाठी उभे असलेले आपले बिल ब्रेडी हे डेमोक्रॅटिक पक्षाच्या पॅट क्विन यांच्याकडून 32,000 हूनही कमी मतांनी हरले आणि लिबर्टेरियन उमेदवाराला त्या फरकापेक्षा जास्त मते पडली होती. पुढच्याच जानेवारीत प्राप्तिकर 3 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर गेला. दगडापेक्षा वीट मऊ, एवढे तरी मान्य करावे लागेल.

त्याहून मोठा मुद्दा 2021 चा आहे. जनगणनेनंतर मतदारसंघांचा नवा नकाशा विधिमंडळ करील आणि तो गव्हर्नरच्या सहीसाठी येईल. गव्हर्नरने नकाराधिकार वापरला आणि विधिमंडळाला तो मोडता आला नाही, तर राज्यघटनेप्रमाणे काम दोन्ही पक्षांच्या आयोगाकडे जाते, आणि तिथेही एकमत झाले नाही तर चिठ्ठी टाकून नववा सदस्य निवडला जातो. 1991 मध्ये ती चिठ्ठी रिपब्लिकन पक्षाच्या बाजूने निघाली होती. सभागृहाचे डेमोक्रॅटिक अध्यक्ष मायकल मॅडिगन यांना रोखण्याची ती एकमेव संधी तुम्ही रागाच्या भरात सोडून देत आहात.

प्रेयरीकाठ

2010 चा दाखला अर्धाच दिला गेला आहे. त्याच मतपत्रिकेवर स्कॉट ली कोहेन होते, जे त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाची लेफ्टनंट गव्हर्नरपदाची प्रायमरी जिंकून नंतर बाजूला झाले होते, आणि ग्रीन पक्षाचे रिच व्हिटनीही होते. या दोघांना मिळून दोन लाखांहून अधिक मते पडली, आणि त्यांतली बरीचशी क्विन यांच्याकडे गेली असती असे मानायला जागा आहे. एकाच बाजूची फुटलेली मते मोजून हिशेब मांडणे बरोबर नाही. शिवाय चढत्या कराचे भय गव्हर्नरपदाशी जोडणेही चूक आहे, कारण त्यासाठी घटनादुरुस्ती लागते. ती दोन्ही सभागृहांच्या तीन-पंचमांश मतांनी थेट जनतेपुढे जाते आणि तिथे गव्हर्नरचा नकाराधिकार चालत नाही.

जॅक्सन यांना मत देण्यामागे एक व्यवहार्य कारण आहे. गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला 5 टक्के मते मिळाली की त्या पक्षाला राज्यभर ‘प्रस्थापित पक्षा’चा दर्जा मिळतो. नव्या पक्षाला राज्यव्यापी निवडणुकीसाठी 25,000 सह्या गोळा कराव्या लागतात आणि त्यांतल्या कित्येक आव्हान देऊन बाद केल्या जातात. तो सगळा खटाटोप पुढच्या वेळी वाचतो.

ऑरोरेतला कोल्हापूरकर

तो दर्जा मिळून पुढे काय होते, तेही पाहावे. व्हिटनी यांना 2006 मध्ये 10 टक्क्यांवर मते पडली, ग्रीन पक्ष प्रस्थापित झाला, आणि 2010 मध्ये ते 3 टक्क्यांच्याही खाली आल्यावर तो दर्जा गेला. मधल्या चार वर्षांत राज्याच्या कारभारात त्याचा ठसा मला कुठे दिसला नाही.

मॅकॅन यांच्याबद्दल तर स्पष्टच लिहितो. त्यांच्या प्रचारामागे ऑपरेटिंग इंजिनिअर्सच्या ‘लोकल 150’ या कामगार संघटनेचे बळ आहे. 2015 मध्ये कर्मचारी संघटनांना हव्या असलेल्या लवादाच्या विधेयकावर राउनर यांचा नकाराधिकार मोडण्यासाठी याच मॅकॅन यांनी मत दिले होते. संघटनेने आपल्या माणसाला पाठिंबा देणे हा तिचा हक्कच आहे, पण पक्षाच्या नावात ‘कन्झर्व्हेटिव्ह’ लिहिले म्हणून आपण त्याला पुराणमतवादी समजावे, हे काही मला पटणारे नाही.

स्प्रिंगफील्डची स्नेहल

सगळी चर्चा विधेयक 40 भोवती फिरते आहे, म्हणून लिहिते. जवळपास दोन वर्षे राज्याला पूर्ण अंदाजपत्रकच नव्हते. थकलेली बिले 16 अब्ज डॉलरच्या वर गेली. ज्या संस्था वृद्धांना घरपोच जेवण देतात, व्यसनमुक्ती केंद्रे चालवतात, त्यांना राज्याचे पैसे महिनोन्‌महिने मिळाले नाहीत. मी अशाच एका संस्थेचे हिशेब पाहते आणि त्या काळात आम्हाला माणसे कमी करावी लागली. घेतलेल्या सेवेचे पैसे वेळेवर चुकते करणे ही पुराणमतवादाची पहिली पायरी आहे असे मी समजते, आणि मॅडिगन कितीही हटवादी असले तरी गव्हर्नरची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

डुपेजकर

सर्वांचे आभार. मॅकॅन यांचे नाव मी बाजूला ठेवले आहे. स्नेहलताईंचा मुद्दा मला सर्वात जास्त लागला.

माझ्या समोर मालमत्ता कराचे बिल आहे. त्यावर काउंटी, फॉरेस्ट प्रिझर्व्ह, टाउनशिप, वाचनालय, पार्क डिस्ट्रिक्ट, शाळा, कम्युनिटी कॉलेज अशी एकेक ओळ आहे, आणि त्यांतल्या कित्येकांखाली पेन्शनची वेगळी रक्कम दाखवलेली आहे. हा कर गोठवू, हे राउनर यांचे आश्वासन होते. तो गोठला नाही. जुलै 2017 मध्ये प्राप्तिकर 3.75 वरून 4.95 टक्के झाला, तेव्हा त्यांनी नकाराधिकार वापरला हे खरे, पण तो मोडायला सभागृहात 71 मते लागत होती आणि नेमकी 71 पडली, त्यांत 10 रिपब्लिकन होते. आपल्याच आमदारांना जो धरून ठेवू शकला नाही, त्याचा नकाराधिकार 2021 मध्ये नकाशा अडवील, या भरवशावर मी मत कसे देऊ? या राज्यात प्रत्येक पदासाठी वेगळी खूण करायची असते, म्हणून खाली विधिमंडळासाठी मी रिपब्लिकन उमेदवारालाच मत देणार आहे. गव्हर्नरपदाची जागा कोरी सोडली तर ती कोणी मोजत नाही, त्यामुळे तिथे जॅक्सन. लिबर्टेरियन जाहीरनामा गर्भपाताचा निर्णय व्यक्तीवर सोपवतो, हे मला ठाऊक आहे आणि ते मला मान्य नाही. पण जॅक्सन यांनी मला एक सांगून दुसरे केलेले नाही.

शामबर्गवासी

ते 10 आमदार पुन्हा फुटतील, हे तुम्ही गृहीत धरले आहे. करवाढीला मत देणे वेगळे आणि स्वतःचाच मतदारसंघ पुसून टाकणाऱ्या नकाशाला मत देणे वेगळे. तिथे त्यांचा स्वार्थच त्यांना पक्षासोबत ठेवील. आज डेमोक्रॅटिक पक्षाकडे सभागृहात 118 पैकी 67 जागा आहेत, 71 नाहीत. म्हणून मी राउनर यांनाच मत देणार आहे.