प्रति: विंडोज ७ आणि १० वर एकच रोमिंग प्रोफाइल

भाऊ, रोमिंग प्रोफाइल म्हणजे युजरच्या फाइली आणि सेटिंग्ज सर्व्हरवर ठेवायच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर लॉगिन केलं तरी त्या सोबत येतात. तरी विंडोज ७ वरचा माणूस १० च्या मशीनवर लॉगिन झाला की डेस्कटॉप कोरा का दिसतो, असं तुम्ही विचारलंत. फाइली उडालेल्या नाहीत, आधी निश्चिंत व्हा. सर्व्हरवरचं प्रोफाइलचं शेअर, म्हणजे नेटवर्कवरून उघडणारं फोल्डर, उघडा. एकाच नावाची दोन फोल्डरं दिसतील, एकाच्या शेवटी व्ही२, दुसऱ्याच्या व्ही६. व्हिस्टा आणि ७ चं व्ही२, ८.१ चं व्ही४, १० च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचं व्ही५ आणि २०१६ च्या १६०७ या आवृत्तीपासून व्ही६. आतली रचना जुळत नाही, म्हणून मायक्रोसॉफ्टनेच ही फोल्डरं वेगळी ठेवली आहेत, आणि म्हणूनच ७ वरचा डेस्कटॉप १० वर दिसत नाही.

कृपा करून व्ही२ मधलं सगळं उचलून व्ही६ मध्ये टाकू नका. नागपूरला सीताबर्डीच्या एका ऑफिसात मी तेच केलं होतं, तेही ऐन मार्चअखेरीस. युजरच्या सेटिंग्ज साठवणारी जुनी एनटीयूझर डॉट डॅट फाइल सोबत गेली आणि सकाळी अकाउंटच्या ताईंचा स्टार्ट मेनूच उघडेना. त्यांचा रडवेला चेहरा अजून आठवतो.

खरा मार्ग फोल्डर रीडायरेक्शनचा. ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम सेटिंग लावायच्या विंडोजच्या सोयीतून, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सर्व्हरच्या वेगळ्या शेअरवर वळवा. मग दोन्हीकडे त्याच फाइली दिसतात, प्रोफाइल हलकं होतं, लॉगिनही लवकर होतं. वॉलपेपर, प्रिंटर वगैरे मात्र दोन्हीकडे वेगळे लावावे लागतील.

एक नक्की बघा: फोल्डर रीडायरेक्शनच्या सेटिंगमध्ये युजरला एकट्यालाच हक्क देणाऱ्या पर्यायावर आधीपासून टिकची खूण असते. ती काढली नाही तर त्याचं फोल्डर ॲडमिनलाही उघडत नाही. आधी एकाच युजरवर करून बघा.